उजवा सकाळी, डावा दुपारी

नाही हो डॉक्टर, गुडघ्यांचं काय घेऊन बसलात, गुडघे बरेत, लाजेवर काही औषध असेल तर सांगा! मेल्याहून मेल्यासारखं झालंय मला, आणि या वयात ते काही फार लांब नसतं...

तुम्हाला सांगतो, आमच्या वृद्धाश्रमात सकाळच्या पाळीची ताई माझ्या गुडघ्यांना तेल चोळते. मी डोळे मिटतो, लगेच डुलकी. दुपारी पाळी बदलली, दुसरी ताई आली रे आली, की मी कण्हायला मोकळा. 'अगं, सकाळचीनं तेलाचं बोटसुद्धा लावलं नाही गं...' की ही पण चोळते, आणि मी पुन्हा डुलकीत! दोनदा तेल! एवढी चैन राजाला तरी होती का?

वर मला वाटायचं, आता या दोघी भांडतील, जरा करमणूक होईल. महिना झाला, भांडणाचं नाव नाही! मग मलाच चैन पडेना. आश्रम चालवणाऱ्या मोठ्या बाई फेरीला आल्या, तशी दिली ठोकून, सकाळची कामचुकार आहे म्हणून.

बाईंनी पाळी बदलताना दोघींना माझ्या खाटेपाशीच उभं केलं. सकाळचीला म्हणाल्या, हे खरं असेल तर उद्यापासून येऊ नकोस. तिचं तोंड एवढंसं झालं हो. मी बोलायला नको? एक शब्द टाकला असता तर... मी काय केलं? घोरलो! मेल्याहून मेल्यासारखं झालंय, आणि घोरतोय!

तेव्हा दुपारची शांतपणे म्हणाली, "बाई, खाटेला कागद अडकवलाय, आम्ही दोघी रोज त्यावर लिहितो, तो वाचा."

तो कागद मी रोज बघायचो. पण मला वाचता कुठं येतं? वाटायचं, तापाचा असेल. बाई वाचायला लागल्या... सकाळी उजवा, दुपारी डावा, सकाळी उजवा, दुपारी डावा... अख्खा महिना!

"पहिल्याच दिवशी यांच्या गुडघ्यांना तेलाचा वास आला," दुपारची म्हणाली. "हिला सकाळी अकरा जणांच्या आंघोळी असतात. म्हटलं, तू एक कर, मी एक करते."

म्हणजे मला मिळत होतं एकदाच! आणि मी पडल्या पडल्या मिशीत हसत होतो!

सकाळची पुढे झाली. माझं पांघरूण सारखं केलं आणि म्हणाली, "झोपू दे आजोबांना." मेल्याहून मेल्यासारखं झालं हो...

परवा गडबडीत डावा राहून गेला. खराखुरा राहिला! आता सांगू कुणाला? बसलो उठून, वाकलो आणि मीच चोळला. आणि तुम्हाला म्हणून सांगतो, त्या दोघींना बोलू नका हं... हात पोचतो हो माझा.