स्थिर पेशंट

नको, पांघरूण नको घालूस, आधीच भट्टी झालीय इथे — बस तू, घंटा होईपर्यंत तुला बाहेर जाता येत नाही, आणि परीक्षक मॅडम काही इतक्यात येत नाहीत, फोन आला की त्या बोलत बोलत पार जिन्यापर्यंत जातात. आता बोलते मी. मघाशी कसं बोलणार? विचारलं तेवढंच सांगायचं, आपणहून चकार शब्द काढायचा नाही — तुम्हालाच नाही, तुमच्या परीक्षेसाठी बोलावलेल्या आम्हा पेशंटनाही पढवून ठेवतात गं. तोंड का पडलंय तुझं? वायरीचं तर छान सांगितलंस. मज्जातंतूवरचं आवरण झिजतं, वायरीवरचं प्लास्टिक निघाल्यासारखं, मग मेंदूचा निरोप वाटेतच अडकतो — सगळ्या हेच सांगतात. वायर, वायर, वायर! मी काय मिक्सर आहे? शिसारी आलीय मला त्या वायरीची. एम.एस.ची, म्हणजे आमच्या या मल्टिपल स्क्लेरोसिसची, खास नर्स व्हायचं म्हणून एवढं घोकता, आणि शेवटी सगळ्यांच्या तोंडून एकच पोपट बोलतो. आणि ते ‘एक ते दहामध्ये थकवा किती?’ — मी आपलं सात सांगते. का? कारण सातला सगळ्या मान डोलावतात. नऊ म्हटलं की घाबरतात, चार म्हटलं की विश्वास बसत नाही. सात म्हणजे कसा शहाण्या माणसाचा थकवा.

तो हीटर दिसतोय ना, कोपऱ्यातला? थंडी वाजते म्हणून नाही लावलेला. मुद्दाम लावतात, तुम्ही यायच्या आधी. उकडलं की आमचे पाय जड होतात, जीभ अडखळते, डोळ्यांना धुरकट दिसतं — म्हणजे तुम्हाला लक्षणं ठळक दिसतात! इथली व्यवस्थापक बाई हात चोळत म्हणते, ‘आज छान दिसतंय हं सगळं.’ छान! माणसाला उकडून परीक्षा घेतात, आणि वर प्यायला पाणी देतात ते कोमट. ओकारी येते. आणि एवढं करूनही तू फसलीस. बोट फिरवलंस ना माझ्या डोळ्यांसमोर, ‘डोळ्यांनी बघा, मान हलवू नका’? मी मान हलवली. जराशीच. तुझ्या लक्षात नाही आलं, मॅडमच्याही नाही. का हलवली? अगं, उजवा डोळा फिरवला की आत मागे कळ येते, म्हणून — गरम होतंय ना, तेच. गार झालं की जाईल. जातंच ते.

लघवीचं विचारलं नाहीस तू. अगदी ओठांवर आलं होतं, बघितलं मी, आणि मग पटकन पायांकडे वळलीस. तुझे मार्क तिथे गेले. कोणीच विचारत नाही. बोचतं का विचारतात, मुंग्या येतात का विचारतात, आणि तिथे आलं की चेहरा असा करतात — हां, तोच चेहरा, आत्ता केलास तो. मला पाठ आहे तो, आमच्या घरी रोज बघते. नवरा आहे माझा. वाईट माणूस नाही गं, शिवी नाही, हात उगारणं नाही, औषधं वेळेवर आणतो. पण एकदा पहाटे गादी भिजली, तर त्यानं ती चादर दोन बोटांत धरून नेली. शेपटीनं धरून मेलेला उंदीर नेतात तशी. तेव्हापासून बाहेरच्या खोलीत झोपतो, म्हणे पाठ दुखते. नणंद येते ती म्हणते, ‘वहिनी, दिसतेस तर ठणठणीत!’ दिसते ना. दिसतं ते कुठे बिघडलंय? मला कोणाची दया नको गं, पण कपसुद्धा टेबलावर ठेवून पुढे सरकवतात, हातात देत नाहीत. इथे निदान तुम्ही तळव्याला हात लावता, ‘जाणवतं का?’ विचारता. हात गार असतात तुमचे, पण लावता. मला किती किळस येते या खोलीची, आणि दोन दिवस आधीच मी नखं कापून, केस धुऊन तयार असते. हसायचं तर हस.

पण मग परवा सकाळी केस धुताना हा डोळा — काही नाही. परवा म्हटलं का मी? परवाही उकडतच होतं. बरं, नव्हतं. गार पाण्यानं धुतला डोळा, झोपले, उठले, तसाच. तुमच्या पुस्तकात काय लिहिलंय ते मला नको सांगूस, उकाड्याचं तासाभरात उतरतं आणि हे उतरत नाही, म्हणजे काय ते मला कळतं. या आजाराचा नवा अटॅक. पण इथे फक्त ‘स्थिर पेशंट’ चालतात. नवा अटॅक आला की नाव काढतात, वर्षभर तरी परत बोलवत नाहीत. मग मी कुठे जाऊ? त्या कप सरकवणाऱ्यांत बसू? झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढी आजची परीक्षा होऊ दे, मग बघते मी डॉक्टरकडे. — उठू नकोस. मॅडमना सांगणार? सांग की! आणि काय सांगशील, पेशंटनं मान हलवली आणि मला दिसलं नाही? स्वतःच्या हातानं नापास होशील. एवढं घोकलेलं सगळं पाण्यात. बस खाली.

आता हे काय? माझा डावा डोळा का झाकतेस? हात काढ. बरं, बघ बाई, होऊ दे तुझं समाधान. हातात काय, पेन? तेही माहितीये मला, लाल टोपणाचं पेन दाखवतात, डोळ्याची नस सुजली की लाल फिकं दिसतं. पाठ आहे सगळं. लाल आहे. चांगलं लालभडक. झालं? काढ आता हात.

काढ की. — अशी काय बघतेस?

लालच आहे ना ते?