सत्त्याण्णव टक्के बरोबर

—नाही नाही, त्या खुर्चीत नका बसू साहेब, तिचा पाय मोडलाय, मीच मोडलाय, इकडे बाकावर या. मुख्याध्यापिका पेल्कीबाईंना भेटायचंय ना? मग बसा निवांत, आत आधीच एक बाई रडतायत, त्यांनाही पत्र गेलंय. तुमच्या हातात तेच ना — निळा शिक्का — "आपला पाल्य शाळा अर्धवट सोडण्याची दाट शक्यता आहे" — पाठ आहे मला, आमच्या फ्रिजवर दोन आठवडे लटकतंय. मुलीचं नाव काय? ग्रेटा. ग्रेटा नीमी! ती चेलो वाजवणारी! अहो ती शाळा सोडणार? ती ताप असला तरी येते, आणि वर्ग सुटता सुटता मास्तरांना गृहपाठाची आठवण करून देते, एवढी वाईट आहे ती. नाही, हसत नाहीये मी. तोंडच असंय माझं.

हे पत्र लिहिलं कुणी, माहितीये? पेल्कीबाईंनी नुसती सही केलीये. कुणाला पाठवायचं ते ठरवलं आमच्या वर्गाने. खरंच! टॉर्गरसन सरांचा वर्ग — कॉम्प्युटरला शिकवून पुढचं ओळखायचं. सरांचं एकच पालुपद, "पुस्तक मिटा, हात घाला, हात!" — म्हणजे त्यांना स्वतःला पुस्तकातलं येत नाही, दुसरं काय. आधी काय, तर कँटीनमध्ये उद्या किती ताटं लागतील ते ओळखा. तीन आठवडे आम्ही आकडे भरतोय, भरतोय, आणि शेवटी उत्तर आलं तीनशे चार. टाळ्या! आता आमची स्वयंपाकीण बेव्ह, ती रोज सकाळी दारातून मुंडकं बाहेर काढते, बसमधून उतरणारी पोरं बघते, म्हणते "तीनशे" — आणि तीनशेच लागतात. तिला नाही कुणी टाळ्या वाजवत. तिला म्हणतात, बेव्ह, बटाट्याच्या हॉटडिशमध्ये मीठ कमी पडलंय.

मग सरांना चढली. म्हणे आता खरं काम करू — कोण शाळा सोडणार ते ओळखू! ऑफिसातून मागच्या चार वर्षांची माहिती आणली, नावं काढलेली, नुसते नंबर. कोण किती दिवस गैरहजर, किती उशिरा, बस कुठली, मार्क किती, लॅपटॉप कधी जमा केला, आणि शेवटी सोडली का नाही सोडली. हे सगळं कॉम्प्युटरला चारायचं. त्यातली थोडी पोरं बाजूला लपवून ठेवायची, मग त्यांच्यावर त्याची परीक्षा घ्यायची — ओळख बघू, हा राहिला का गेला? आणि काय सांगू साहेब, शंभरात सत्त्याण्णव बरोबर! सर बाकावर चढून नाचले. एवढा माणूस, एवढं पोट, बाकावर! पेपरात फोटो आला. मी मागे बसून म्हणतोय, अरे टीव्हीवरच्या हवामानवाल्याला उद्याचा बर्फ सांगता येत नाही आणि या आठवीतल्या— बरं, दहावीतल्या, दहावीतल्या पोरांनी माणसाचं नशीब सांगितलं?

म्हणून मी बघत बसलो. हो, मी. मला काय, काम नसतं, सर मला विचारत नाहीत. एकेक रकाना काढायचा आणि परत चालवायचं, एकेक काढायचा आणि परत चालवायचं. गैरहजेरी काढली — काही फरक नाही. मार्क काढले — फरक नाही. लॅपटॉपची तारीख काढली — ते सत्त्याण्णव धाडकन खाली! कळलं का? नाही कळलं. तुम्ही दाताचे डॉक्टर ना, तुमच्या भाषेत सांगतो. बघा — शाळा सोडताना काय करतो पोरगा? शाळेचा लॅपटॉप परत देतो. वर्षाच्या मध्ये कोण देतो? जो चाललाय तोच. म्हणजे पोरगा आधी गेला, मग लॅपटॉप दिला, आणि हा कॉम्प्युटर लॅपटॉप बघून सांगतो, "हा जाणार बरं का!" दात काढून हातात दिल्यावर सांगायचं की हा दात पडणार. त्याचे सत्त्याण्णव टक्के. आणि फोटो.

सांगितलं ना! सांगितलं की सरांना. सगळ्यांसमोर हात वर करून सांगितलं, आयुष्यात पहिल्यांदा. ते म्हणाले, "कोल्टन, तू आधी अपूर्णांक शीक." अख्खा वर्ग हसला. मीपण हसलो, सगळ्यात जोरात हसलो. मग नाही सांगितलं. कशाला सांगू?

मग त्यांनी यंदाची पोरं घातली त्यात, ऑफिसने नावं लावली, आणि पहिली अकरा पत्रं गेली. त्यात मी. शहाण्णव टक्के! का? तर ऑक्टोबरमध्ये माझा लॅपटॉप मोडला — आता हॉकी खेळताना गोलकीपरकडे फळी नव्हती, मी लॅपटॉप धरला, पक लागला, ती रबरी चकती, त्यात काय एवढं — मोडला म्हणून जमा केला, दुसरा दिला नाही त्यांनी. म्हणून मी शाळा सोडणार! आणि सोडण्याआधीच पाठवणार त्या तळ्याकडच्या शाळेत, तिथे काय शिकवतात माहितीये? रंगीत कागद भरायचे आणि बारा वाजता घरी. आज दुपारी आईने सही केली की गेलो मी.

मग मी म्हटलं, थांबा. शिक्का एक असतो आपल्याकडे, बटाट्यात कोरलेला. नोटीस केली — "बॅटरी तापत आहे, लॅपटॉप आठवडाभर लायब्ररीत जमा करावेत" — आणि पहिल्या नंबरवाल्यांच्याच कपाटांवर लावली. हुशार पोरांचं हेच असतं, शिक्का दिसला की ऐकतात. नऊ जणांनी रांगेत उभं राहून दिले! तुमची ग्रेटा सगळ्यात पुढे, पुसून आणलेला. आणि या सोमवारी सरांनी परत चालवलं... हां, बरोबर. ते पत्र माझ्यामुळे आलंय. असं बघू नका. मला वाटलं, ग्रेटा नीमीचं नाव आलं की तरी या गाढवांना कळेल. नाही कळलं! छापून पोस्टात टाकलं! टॉर्गरसन म्हणाले म्हणे, "कधीकधी आपल्याला न दिसणारं यंत्राला दिसतं."

तुम्ही ग्रेटाला विचारलंत का पत्र आल्यावर? नाही, विचारलंत की थेट इकडे आलात भांडायला? ...थेट आलात. हं. गाडी जोरात आणलीत, मी बघितली खिडकीतून, सगळा बर्फ उडवत.

आमच्याकडे काय झालं सांगू? आई वृद्धाश्रमातल्या कामावरून आली, बूटसुद्धा काढले नाहीत, वाचलं, आणि म्हणाली, "मला वाटलंच होतं." बस. फ्रिजवर लावलं. भांडी घासायला लागली. मी ओरडतोय की अगं चुकलंय ते, रकाना चुकलाय! तिने हात पुसले आणि म्हणाली, "मग तो रकाना काढून तुझा आकडा आण. कमी असला तर मी सही नाही करणार." बघा! तिला एका मिनिटात कळलं. टॉर्गरसनला अजून नाही. ती असायला पाहिजे त्या बाकावर.

आणला ना. काल लायब्ररीत बसून काढला, सगळ्यांचाच काढला. तुम्ही आत जाऊन सांगा, लॅपटॉपचा रकाना काढा म्हणावं, तुमचं ऐकतील, तुम्ही कोट घालून आलाय. ग्रेटाचा येतो दोन. दोन टक्के! मिटलं तुमचं. त्या रडणाऱ्या बाईंच्या मुलाचा नऊ, त्यांचंही मिटलं.

माझा?

उघडलं बघा दार, तुम्हालाच बोलावतायत. नाही, खिशात काही नाहीये. आईला सांगणारे, प्रिंटर बंद होता. अहो जा ना साहेब — आणि माझं नाव नका काढू आत, तुमच्या मुलीपुरतं बोला. जा. दार लावून घ्या.