बिनचमकीचा ओटा

माझे वडील सटाण्याकडचे. गावोगाव फिरून जात्यांना आणि पाट्यांना टाकी लावायचे, म्हणजे वापरून गुळगुळीत झालेला दगड छिन्नीने ठोकून पुन्हा खरखरीत करून द्यायचे. लोकांच्या अंगणात उन्हात बसून ठोकायचे, धूळ उडायची ती वाऱ्यावर निघून जायची, आणि चांगले म्हातारे होऊन गेले, छातीची तक्रार म्हणून कधी नव्हती. हे आधी सांगतो, कारण मी जन्मभर याच भरवशावर राहिलो की दगडाची धूळ आपल्या घराण्याला बाधत नाही.

मी तरुणपणी नाशिक रोडला आलो. तिथे कॉलन्या उठत होत्या, त्यांत शहाबादी फरश्या बसवल्या, मग कडप्प्याचे ओटे, मग ग्रॅनाइट आलं, आणि पुढे पाथर्डी फाट्याकडे स्वतःचं दुकान टाकलं. दुकान टाकलं तेव्हा मी लय फुगलो होतो, खोटं कशाला बोलू. टाकीवाल्याचा पोरगा, आणि आता खुर्चीत बसून गिऱ्हाइकाला दगड दाखवतोय.

तुम्ही ओट्याचं विचारायला आलात तर ते सांगून टाकतो, नाहीतर माझं बोलणं कुठे जाईल नेम नाही. तुम्हाला बिनचमकीचा, मॅट पाहिजे, आमच्यात त्याला होन केलेला म्हणतात. दिसायला झकास, हाताला रेशमासारखा, पण पॉलिश नसल्यामुळे त्याची भोकं उघडी असतात, तो पितो. म्हणून नमुन्याचा तुकडा घरी न्या, त्यावर तेलाचा एक थेंब, लिंबाचा एक थेंब ठेवा आणि निवांत चहा प्या. मग पुसा. तेलाचा डाग राहिला तर दगड पिणारा आहे, भोकं बुजवणारा सीलर वरचेवर मारावा लागेल. लिंबाने पांढरा चट्टा पडला तर तो संगमरवराच्या जातीचा, तो स्वयंपाकाला घेऊच नका, आपल्याकडे कोशिंबिरीवाचून जेवण होत नाही. हळद सांडली की लगेच पुसायची. धुवायला भांड्यांचा साबण पातळ करून, बाकी काही नको. बायका म्हणतात आण्णा, आमची कामवाली बाथरूमचं ॲसिड ओतते, मी म्हणतो मग ओटाही बाथरूममध्येच बसवून घ्या. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, दगड गोडाऊनमधूनच मॅट होऊन आलेला घ्या. घरी बसवल्यावर घासायला सांगू नका. हात जोडतो तुमच्यापुढे.

कारण गंगापूर रोडच्या नव्या फ्लॅटांत असंच सुरू झालं. चकचकीत काळा ओटा बसवून व्हायचा, फर्निचर लागायचं, आणि मग बाई म्हणायच्या, अहो आण्णा, यात ट्यूबलाइट दिसतेय, दाढी करायला आरसा दिलाय का आम्हाला, याची चमक काढा. चमक काढायची म्हणजे ग्राइंडरने, फिरत्या चकतीच्या मशीनने, घासायचं. पाणी सोडून घासलं तर धूळ उडत नाही, चिखल होऊन खाली येते. पण खाली नव्या ट्रॉल्या, प्लायवूड फुगणार, भिंतीवर शिंतोडे उडणार, म्हणून पाणी नको. खिडकी उघडली तर शेजारी ओरडणार, सोसायटीचा सेक्रेटरी वर येऊन म्हणणार, तुमची पिठाची गिरणी बंद करा आधी, म्हणून खिडकीही बंद. दाराला ओली चादर बांधायची, आणि आत कोरडा ग्राइंडर चालवायचा. दुसरे कारागीर हे काम टाळायचे. आम्ही नाही म्हणत नव्हतो, म्हणून आमचं नाव झालं. आणि आत ग्राइंडर धरून कोण, तर माझा राजू.

राजू माझा एकुलता. हात असा की घासलेल्या ओट्यावर तळवा फिरवला तर कुठे अडायचा नाही. पुढे क्वार्ट्झ आला, कारखान्यात बनवलेला दगड, त्याची धूळ तर साखरेच्या पिठासारखी बारीक. तोंडाला गमछा बांधायचा, बास. संध्याकाळी पापण्यांसकट पांढरा होऊन यायचा आणि सविता, आमची सून, दारातच अडवायची, म्हणायची, आधी नावगाव सांगा, मग आत या. कपडे गॅलरीत झटकायची आणि हसायची. मीही हसायचो.

आता लग्नातलं सांगतो, खरी गाठ तिथे आहे. सविता येवल्याची, घर शिकलेलं, वडील सरकारी नोकरीतले. बैठकीत त्यांनी विचारलं, मुलगा काय करतो, आणि मी म्हणालो, स्वतःचं दुकान आहे, दुकानात बसतो. ग्राइंडर चालवतो असं तोंडातून निघेना. माझ्या बापाच्या टाकीची लाज मला तेव्हा वाटली, दुसरं काय. सविताला लग्नानंतर खरं कळलं, पण तिने माहेरी सांगितलं नाही, तिने आमची अब्रू झाकली.

मग राजूला खोकला लागला, जिना चढताना धाप लागायला लागली, वजन उतरलं. दवाखान्यात नेलं त्या दिवशी व्याही भेटायला आले होते, तेही बरोबर आले. वाटेत चेष्टा करत होते, जावईबापू, दुकानात बसून बसून अंगाला वारा लागत नाही, म्हणून हे. आत डॉक्टरांनी विचारलं, काम काय करतात? राजूला खोकल्याची उबळ आलेली. व्याही शेजारी उभे. मी म्हणालो, दुकानात बसतो. राजूने माझ्याकडे बघितलं. बघितलं आणि मान खाली घातली.

थुंकीत काही सापडलं नाही, तरी छातीचा फोटो बघून टीबी धरला आणि गोळ्या सुरू केल्या. महिन्यांमागून महिने गेले, पोरगा खालीच जात राहिला. तेव्हा डॉक्टर सविताला म्हणाले, गोळ्या चुकवता तुम्ही, लक्ष नाही तुमचं. ती म्हणाली, नाही हो डॉक्टर, मी स्वतः हातावर देते. कोण ऐकतंय. तिच्या वडिलांनी आमच्या घरात बसून तिला बोल लावले, म्हणाले, तुला एवढंही जमत नाही, तुझ्यापायी जाईल तो. ती पदर तोंडाला लावून उभी, आणि मी, काय सांगू तुम्हाला, मी तिथेच बसून चहा प्यायलो. चहा गोड लागला नाही, पण प्यायलो.

शेवटी एका रात्री त्याचे ओठ निळे पडले, तेव्हा दुसऱ्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तोच प्रश्न विचारला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, दगड घासतो साहेब, कोरडा घासतो, खिडक्या लावून. त्यांनी फोटो पुन्हा उजेडावर धरला. म्हणाले, सिलिकोसिस आहे, छातीत दगडाची धूळ बसलीय, ती बाहेर निघत नाही. मी म्हणालो, आधी सांगितलं असतं तर? ते म्हणाले, निदान काम तरी तेव्हाच थांबवलं असतं. कारण बरं वाटलं की राजू मधून मधून कामावर जात होता, आणि मीच पाठवत होतो. सविता बाजूला उभी होती. ओरडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, मला वाटलं आण्णा, तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं असेल. बाप आहात.

आता तो त्या खोलीत आहे. मशीनचा आवाज येतोय ना, ते ऑक्सिजनचं. वीज गेली की आम्ही सगळे सिलेंडरकडे धावतो. दुकान मी बंद केलं. तरी फोन येतात, आण्णा, चमक काढायचीय, तुमच्यासारखं कोणी करत नाही. मी फोन ठेवून देतो. जे दुसरे करतात त्यांनाही जाऊन सांगितलं, पाणी सोडा रे बाबांनो, ट्रॉल्या फुगू द्या. ते हो म्हणतात. त्यांच्या जागी मीही नुसतं हो म्हणालो असतो.

तुमचा ओटा चांगला होवो, त्यावर शिजेल ते सगळ्यांच्या अंगी लागो. पण हे लिहून घ्या, आणि नीट लिहा, की सविताने एकही गोळी चुकवली नाही. तिचे वडील अजून तिलाच दोष देतात, तिच्याशी धड बोलत नाहीत. रविवारी ते येवल्याहून येताहेत, तेव्हा त्यांना सगळं खरं सांगावं म्हणतो. सविता म्हणते, नका सांगू आण्णा, या वयात त्यांना सोसायचं नाही. काल राजूला विचारलं, त्याने तोंडावरचा मास्क बाजूला केला, दम गोळा केला, आणि म्हणाला, सांगा. मग पुन्हा दम घेतला आणि म्हणाला, मी असताना सांगा.