खांद्याच्या यंत्रावरचं सगळ्यात कमी वजन

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, परीक्षक मंडळातले माझे ज्येष्ठ सहकारी, कारखान्यांतून आलेले प्रतिनिधी, ताईंच्या घरची मंडळी आणि सभागृहात जमलेले आपण सर्वजण,

ताईंबद्दल हळवं बोलायचं काम माझ्याकडे दिलेलं नाही, हे एका परीनं बरंच झालं. मला सांगितलंय, त्यांच्या कामाबद्दल बोल. तेवढंच बोलते.

व्यायामशाळेतलं यंत्र चांगलं, हे कशावरून म्हणायचं? रंगावरून? जाडजूड नळ्यांवरून? अशी यंत्रं तपासून मान्यता देणाऱ्या आमच्या मंडळाच्या प्रमुख म्हणून ताईंनी एक पद्धत घालून दिली. यंत्रावरची सूचनापट्टी झाकायची आणि ते कधीच न पाहिलेल्या माणसाला त्यावर बसवायचं. बैठक वरखाली कुठून होते हे त्याला विचारावं लागलं, तर दोष यंत्राचा. मग ताई स्वतः बसायच्या. सगळ्यात कमी वजन लावून दांडा सावकाश वर न्यायच्या, त्याहून सावकाश खाली आणायच्या. मध्ये कुठे अडखळला की भुवई वर जायची. त्या भुवईकडे बघत इथल्या काही कारखानदारांनी श्वास रोखून धरलेला मी पाहिलाय. ताईंचे यजमान तर सांगतात, कुणाकडे पाहुणी गेली तरी ही आधी खुर्ची हलवून बघते, मग बसते. त्या घरच्यांचा जीव तोवर टांगणीला.

यंदा खांद्यांच्या व्यायामाचं एक यंत्र मान्यतेसाठी आलं. बसून दोन्ही हातांनी दांडा डोक्यावर ढकलायचा. काम सुबक होतं. ताई बसल्या. दांडा निम्म्यावर गेला आणि थांबला. जड आहे, नापास, असं त्या म्हणाल्या. मी ताणकाटा लावून मोजलं. दांडा ढकलायला लागणारा जोर आमच्या नियमातल्या मर्यादेत बसत होता. ताईंचाच जोर कमी पडला, असं प्रत्येकाच्या मनात आलं आणि ते प्रत्येकाला कळलं. ताईंनाही. त्यांनी पुन्हा मोजायला लावलं, आकडा तोच आला. त्यांनी मान्यता दिली आणि हात पुसत म्हणाल्या, "माझा हात गेला. आता मी बसून उपयोग नाही."

आजचा हा निरोपाचा समारंभ त्या वाक्यामुळे आहे. निमंत्रणपत्रिकेत वयाचं कारण छापलंय, ते सौजन्य.

मला ते वाक्य पटलं नाही. मायेपोटी नव्हे, गणित जुळेना म्हणून. लावलेल्या वजनाशिवाय दांड्याचा स्वतःचा भारही हातावर येतो. चांगल्या यंत्रात तो मागच्या बाजूनं तोलून धरलेला असतो, इथे नव्हता. तरीही आमच्या नियमात यंत्र पास. मग ही मर्यादा ठरवली कुणी? मी ताईंनाच विचारलं. त्या हसायला लागल्या.

"अगं, माझ्याच हातावरून ठरली. मला सहज गेलं, ते सगळ्यांना जाईल असं धरलं."

ती मर्यादा ठरली तेव्हा त्या वजन उचलण्याच्या स्पर्धा जिंकून नुकत्याच मंडळावर आल्या होत्या. आणि पुढे आम्ही सगळे धडधाकट लोक त्या हाताला कुणाचाही हात समजत आलो. आजारातून उठलेला माणूस, गुडघे धरून चालणारी बाई, पहिल्यांदाच व्यायामशाळेची पायरी चढणारी मुलगी, यांच्या वतीनं दांडा ढकलून बघणारं आमच्यात कोणी नव्हतंच.

मंडळानं ती मर्यादा रद्द केली आहे. त्या यंत्राच्या कारखान्यानंही दांडा तोलून द्यायचं कबूल केलंय. नवी मर्यादा ठरवायला आम्हाला ताई हव्यात. प्रमुख म्हणून नव्हे, त्यांच्या आजच्या हातासकट, यंत्रावर बसणारी बाई म्हणून. आज सकाळी मी त्यांना तसं विचारलं. त्यांनी उलट मलाच विचारलं.

"म्हणजे मी जड म्हटलं की तुम्ही माना डोलावणार?"

मी म्हटलं, नाही, मोजणार.

"आणि माझं चुकलं तर?"

"तर तोंडावर सांगणार."

"मग येते," ताई म्हणाल्या.

एवढंच सांगायचं होतं. अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलंत, याबद्दल मी आभारी आहे. कुणाचा उल्लेख राहिला असेल किंवा एखादा शब्द लागला असेल, तर तो माझा कोरडेपणा समजून पोटात घालावा. नमस्कार.