गाढवा म्हणणारं बटण

ताई : म्हणजे गेलं. फिरवून फिरवून काय सांगतोस? गेलं की आहे?

धाकटा : ताई, हळू. न्हाणीघराचं दार पातळ आहे. बाबांचा आवाज गेलाय, कान नाही गेले.

ताई : नळ चालू आहे, बोल तू. गिऱ्हाईक तसंच उभं ठेवून दुकानातून आलेय मी, गळ्यात टेप अजून तशीच आहे बघ.

धाकटा : बाबांची बोलायची पेटी सुरू झाली.

ताई : अरे मग! रडतोस कशाला?

धाकटा : बटणं चालतात, पडदा उजळतो, सगळं चालतं. फक्त बोलत नाही. बोलायला आत काही उरलेलंच नाही. घशाच्या ऑपरेशनच्या आधी बाबांनी जे जे बोलून ठेवलं होतं ना, पाणी दे, दुखतंय, दिवा घालव, तुझं नाव, आईला हाक... सगळं पुसलं गेलं. मी पुसलं.

ताई : थांब थांब. पेटीचं कार्ड खराब झालंय, असं तूच म्हणाला होतास. आधी त्याच्यावरचं सगळं काढून नाही घेतलंस?

धाकटा : घेतलं होतं. पहिलं काम तेच केलं. सगळं माझ्या कॉम्प्युटरवर ठेवलं आणि मग कार्ड कोरं केलं. त्याच्यावरची जुनी सिस्टिम कामातून गेली होती. नवी बांधायची होती.

ताई : मग बांधायची की पेटीतल्या पेटीत.

धाकटा : तिचा जीव तो केवढा! तिच्यात नाही बांधता येत. माझ्या मोठ्या कॉम्प्युटरवर एक फोल्डर करायचा, पेटीला लागेल ते सगळं त्यात अगदी मुळापासून रचायचं, जिथलं तिथे. रूट फाइल सिस्टिम म्हणतात त्याला. तयार झालं की उचलून कार्डावर टाकायचं.

ताई : हां. पुतळ्यावर कपडा शिवायचा आणि मग माणसाला घालायचा.

धाकटा : अगदी तसंच.

ताई : मग त्यात बाबांचा आवाज कुठे आला मध्येच?

धाकटा : त्या फोल्डरात जे कप्पे असतात, त्याच नावाचे कप्पे माझ्या कॉम्प्युटरलाही असतात. तिथे एक 'होम', इथे एक 'होम'. मी आज्ञा लिहून ठेवल्यात, एकदा चालवल्या की ओळीनं सगळं होतं. त्यात पहिली आज्ञा, फोल्डरमधलं जुनं 'होम' साफ कर. पण फोल्डर कुठला, ते दर वेळी आधी सांगावं लागतं. काल सकाळी सगळं बंद करून पुन्हा उघडलं, आणि तेवढं सांगायचं राहिलं. फोल्डरचं नाव रिकामं. मग त्यानं कॉम्प्युटरचं स्वतःचंच 'होम' साफ केलं.

ताई : आणि बाबा होते...

धाकटा : तिथेच.

ताई : अरे देवा. पुतळ्यावरचा म्हणून अंगावरचाच कपडा कापलास की रे! आणि त्या कॉम्प्युटरनं अडवलं नाही तुला? माझा फोन एक फोटो पुसायचा तर दोनदा विचारतो.

धाकटा : पेटीतल्या फायली मालकाच्या, म्हणजे सगळे हक्क असलेल्याच्या, नावावर लागतात. म्हणून मालकाच्या हक्कानंच चालवलं होतं. मालकाला कोण अडवणार? एक ओळ हवी होती फक्त, नाव रिकामं असेल तर थांब. एक ओळ, ताई. ऑफिसात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच पहिलं शिकवतो.

ताई : लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

धाकटा : दे, अजून शिव्या दे.

ताई : शिव्या देऊन काय उगवणार आहे? पुसलेलं परत काढून देणारे असतात म्हणे. त्यांना विचार की.

धाकटा : दोघांकडे जाऊन आलो. हल्लीच्या डिस्कवर पुसलं की ती मागून जागासुद्धा धुऊन टाकते. कार्डावर तर मीच पुन्हा पुन्हा लिहीत बसलो होतो. पेटीवाली कंपनी केव्हाच बंद पडली, तिथे फोन उचलायला कुणी नाही.

ताई : आवाज दुसरीकडे असेलच ना कुठेतरी. माझ्या लग्नाचा व्हिडिओ!

धाकटा : पाहिला. घरातले सगळे पाहिले. कॅमेरा कायम बाबांच्याच हातात. मामाचा आवाज आहे, तुझ्या सासूबाईंचा आहे, शेजारच्या कुत्र्याचासुद्धा आहे. बाबांचं एकच वाक्य आहे. "हं, बोला आता."

ताई : एवढंच?

धाकटा : एवढंच. मग बाकीचे बोलतात.

ताई : ...ऐक. तुझा आवाज हुबेहूब त्यांचा आहे. फोनवर मामा अजून फसतो. तूच बोलून भर ना सगळं. त्यांचं अडणार तर नाही.

धाकटा : पहिलं बटण कुठलं होतं, आठवतंय?

ताई : आठवतंय.

धाकटा : पाणी नाही, औषध नाही. सगळ्यात आधी "गाढवा, ऊठ!" बोलून घेतलं. ती रेकॉर्डिंगवाली बाई हसायची थांबेना. रोज सकाळी माझ्या उशाशी पेटी आणून दाबायचे ते. आता ते मी बोलू? बाबांनी बटण दाबायचं आणि मीच मला गाढव म्हणायचं?

ताई : नको. नको रे. राहू दे.

(आई आत येते.)

आई : झालं का रे? हे आंघोळ करून बसलेत. पेटी मिळणार म्हणून इस्त्रीचा शर्ट काढायला लावला मला, आहात कुठे! ...काय गं? तोंडं का अशी तुमची?

ताई : आई, तू बस आधी.

आई : बसून ऐकण्यासारखं असेल तर उभ्यानंच ऐकते. चालू होत नाही का?

धाकटा : होते.

आई : मग?

धाकटा : बाबा नाहीत तिच्यात. माझ्या हातून पुसलं गेलं, आई. सगळंच.

आई : माझं 'अगं'? ते पण?

धाकटा : ते पण.

आई : काल दिवसभर मी त्यांना सांगतेय, तुमच्या लेकाच्या हातात आहे, घोर करू नका.

ताई : आई, मी सांगते बाबांना.

आई : तू नाही. ज्यानं केलं, तो सांगेल.

धाकटा : सांगतो. आत्ताच जातो. खूप रागावतील ना?

आई : रागावतील. का नाही रागावणार?

धाकटा : ओरडू देत. हवं तेवढं ओरडू देत, मी हलणार नाही समोरून.

आई : कशानं ओरडतील, बाळा?