पायाळू बाईची पाठ

माझा जन्म उसाच्या फडावरचा. आई-बाप दिंद्रुडकडचे, पण सणवार झाले की गाव सोडायचं अन् कारखान्याच्या वाटंला कोपी, म्हंजी पाचटाची झोपडी, घालून राहायचं, तर त्या कोपीतच मी झाले, अन् झाले ती पायाकडून. आधी पाय आले, मग बाकीची इंदू. सगळ्या बाया घाबरल्या, एक माझी आत्या तेवढी हसली, म्हणली रडता कावून, पोरगी पायाळू हाय, हिची लाथ कमरंत बसली की कसली बी उसण उतरती बघा.

काय सांगू तुमाला ताई, मला चालता येत नव्हतं तवापासून मी लाथा मारते. कुणीतरी काखंत धरायचं अन् माझा पाय लोकांच्या पाठीला लावायचा. शाळेत दुसरीपर्यंत गेले, तिथं मास्तरांची कंबर धरली, ते टेबल धरून वाकले अन् म्हणले, इंदू, ये. तीन लाथा द्यायची रीत हाय. दोन उसणीसाठी दिल्या, तिसरी पाढ्यांसाठी दिली.

लग्न तेलगावजवळच्या खेड्यात झालं. मला बघायला आले तवा सासऱ्यानं रंग बघितला न्हाई, सैपाक येतो का इचारलं न्हाई, थेट ओसरीवर पालथे पडले. उठले अन् म्हणले, पोरगी पसंत.

तसं बघितलं तर माझ्याजवळ हाय काय, एक कोयता अन् एक पाय. पण ज्या माणसापुढं मान वर करून बोलायची सोय न्हाई, तो सकाळी माझ्या दारात जमिनीला नाक लावून पडतो अन् म्हणतो, बाई, जरा जोरात. आमचा मुकादम, बापू, टोळीच्या साऱ्या बायांना अरेतुरे करायचा, मला तेवढं इंदूबाई म्हणायचा. त्या पायाचा मला लई माज होता, खोटं कशाला बोलू.

मग माझीच कंबर धरली. कंबर म्हणजे तिथून निघालेली कळ उजव्या पायातून पार टाचेपर्यंत, इंगळी चढल्यासारखी. अन् उजवाच पाय, लाथंचा. आता पायाळू माणसानं स्वतःला लाथ कशी मारावी? साऱ्या मुलखाच्या पाठी माझ्या पायाखाली, माझ्या पाठीला तेवढा तो पोचंना. अन् सांगावं तर कुणाला, पायाळू बाईचीच पाठ गेली म्हणल्यावर दारात कोण पडंल?

बापूच्या खिशात कायम गोळ्यांची पट्टी असायची. फडात कुणी बाईनं कमरंवर हात ठेवला की, लेमनगोळी द्यावी तशी एक गोळी काढून द्यायचा अन् म्हणायचा, दुखणं मनात असतं, चल, मोळी उचल. मी रखमाच्या नावानं अख्खी पट्टीच मागायचे. रखमा माझी जाऊ. पहाटं कोऱ्या चहावर एक, दुपारी एक, गाडी भरायची असली की आणखी एक. अन् ताई, गुण यायचा बरं का. अर्ध्या तासात कळ अशी जायची की मी मोळी डोक्यावर घेऊन गाडीच्या फळीवरून सरसर चढायचे. पट्टी हळदीच्या डब्यात लपवायची. दोन हंगाम असंच चाललं. मग पोटात आग पडाया लागली अन् पायावर सूज आली.

यंदा दसऱ्याच्या आधी, बहिणीकडं जाते म्हणून घरी सांगितलं अन् दिंद्रुडला डॉक्टरीणबाईकडं गेले, म्हणलं तिथं सासरकडचं कोण येतंय. बाकड्यावर एक माणूस तोंडाला टॉवेल गुंडाळून भिंतीकडं बघत बसलेला. पण मी माणूस पाठीवरून आधी ओळखते, तोंडावरून नंतर. तो बापू. सकाळीच माझ्या दारातून उठून म्हणला होता, गेली उसण.

मी काही बोलायच्या आत मला आत बोलावलं. डॉक्टरीणबाई पोरसवदा, आवाज मोठा, दार उघडं. कुठं दुखतं मावशी? मी हळूच म्हणलं, कंबर अन् पाय. जोरात बोला, कोणता पाय? उजवा. बाहेर बाकडं कुरकुरलं. गोळ्या कोणत्या खाता? मी रिकामी पट्टी दाखवली. जेवून खाता? म्हणलं, चहावर. तिनं कपाळाला हात लावला. म्हणली, मावशी, ही सूज उतरवायची गोळी, वाईट न्हाई, पण थोडेच दिवस अन् जेवणावर घ्यायची, उपाशीपोटी महिनोन्महिने खाल्ली तर पोटाला जखम करती अन् किडनीला मारती. अन् तुमची शीर मणक्यात दबलीय, गोळी नुसती कळ झाकती, तुमी वर वझं उचलता, शीर आणखी दबती. रक्त-लघवी तपासायला सांगितली, वझं एकदम बंद सांगितलं.

मी बाहेर आले अन् तवा उमगलं. म्हणजे माझा पाय अन् बापूची गोळी, दोगांचं काम एकच की, दुखणाऱ्या बाईला उठवायचं अन् मोळीखाली घालायचं. इतकी वर्षं मी त्याच्याच कामाला होते ताई, अन् माज करत होते.

बापू म्हणला, इंदूबाई, तुमी हितं? मी म्हणलं, तुमी हितं कशे, तुमची उसण गेलती ना? म्हणला, गेलती, रस्त्यात परत आली. मी म्हणलं, आमचं दुखणं मनात, अन् तुमचं दवाखान्यात? त्यानं तोंडावरचा टॉवेल आणखी घट्ट गुंडाळला. मग मीच सांगितलं, यंदा मी मोळी उचलणार न्हाई, खाली बसून उसाचा वाळला पाला, पाचट, काढीन. बायांच्या मोळ्या लहान बांधायच्या, भाकरी खाल्ल्याबिगर कुणाला फडात हाक न्हाई, अन् जिची पाठ धरली तिला गोळी न्हाई, सुट्टी अन् दवाखाना. म्हणला, न्हाई म्हणलं तर? म्हणलं, टोळी निघताना साऱ्यांपुढं सांगीन बापू कुठं दिसले ते. तो म्हणला, मग मी बी सांगीन, पायाळूची पाठ गेली. माझ्या तोंडातून निघून गेलं, सांगा, न्हाईतर मीच सांगते.

तेवढ्यात आतून हाक आली, बापूराव, या, गोळ्या संपल्या का? दवाखाना भरलेला, सारे बघाया लागले. बापू उठला, जाता जाता म्हणला, लहान म्हणजे केवढी मोळी?

निघायच्या दिवशी मी बायांना खरं सांगितलं. वाटलं, आता पायाची इज्जत गेली. तर रखमा म्हणली, अगं बाई, तुझ्या हळदीच्या डब्यातून मी बी गोळ्या घ्यायचे, पट्टी लवकर संपती कशी इतकं बी कळंना का तुला?

आता मी खाली बसून पाचट काढते. मोळ्या लहान हायत, कवा कवा बापू इसरतो, मग मी उगाच उजवा पाय झाडते, लगेच आठवतं त्याला. लोकं अजून दारात पडतेत, मी न्हाई म्हणत न्हाई, फकस्त आधी इचारते, जेवला का, डॉक्टरला दाखवलं का, मग पाय नुसता टेकवते. बापूला तेवढ्या तिन्ही लाथा पुऱ्या देते. देव त्याच्या पाठीचं भलं करो, अन् तुमच्या बी.