रविवारी बोंब मारणार कोण

हॉस्पिटलच्या लिफ्टपाशी नुकतेच आजोबा झालेले शिंपीकाका रांगेत उभे होते. मागे कॉम्प्युटर विभागातले दोघे बोलत होते, आणि काकांचे कान तिकडेच होते.

"सर्व्हरवरची ती जुनी सर्व्हिस मॅडमनी बंद केली. कशासाठी चालते, कुणालाच ठाऊक नव्हतं."

"पण भर दुपारी कशाला? रविवारी करायची."

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाल्या, रविवारी काही अडलं, तर बोंब मारायला असतं कोण?"

"मग कोणी मारली?"

"कोणीच नाही. मी म्हटलं, सुटलो. तर या उठल्या आणि वॉर्डावॉर्डात विचारत फिरल्या, काही अडलंय का म्हणून."

"फोन करायचा की."

"फोनवर सगळे ठीक आहे म्हणतात. बाळांच्या वॉर्डात टेबलावरचा, सगळ्या बाळांचे ठोके दाखवणारा स्क्रीन काळा झाला होता. नर्सताई मात्र तक्रार न करता काचेच्या पेट्यांपाशी उभं राहून एकेक बाळ बघत होत्या. मॅडमनी तिथूनच मला सर्व्हिस चालू करायला लावली."

"आणि आल्या परत?"

"कुठल्या येतायत. स्क्रीन उजळेपर्यंत अर्ध्या पेट्या त्यांनी सांभाळल्या."

लिफ्ट आली. शिंपीकाका बाजूला सरकले.

"तुम्ही व्हा पुढे," ते म्हणाले. "आमची नात आहे तिथल्या पेटीत. झोपलीय निवांत."